आईची स्मरणिका: ऑगस्ट ते फेब्रुवारीच्या प्रकल्प नोंदी

१८ ऑगस्ट २०२४

आईला जाऊन सहा महिने झाले. पहिल्या स्मृतिदिनी, म्हणजे ९ फेब्रुवारी २०२५ रोजी, वर्षाच्या मिस्सेनंतर (चर्चमधील उपासनेनंतर) आप्तांच्या हाती देता येईल अशी तिच्या आयुष्यावरची एक छोटी स्मरणिका काढायची, असे आज थोरली ताई, मस्कतला असलेला धाकटा भाऊ आणि मी अशा तिघांनी ठरवले. वसईतल्या आमच्या धर्मग्रामात (एका चर्चशी जोडलेल्या वस्तीत) आई १९७१ पासून सॅक्रिस्टीचे, म्हणजे वेदीवरची वस्त्रे, चषक, फुले आणि मेणबत्त्या यांचे काम विनामोबदला पाहत होती. पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे प्रथमच ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या, मुलांचे धर्मशिक्षण, ऑक्टोबरात घरोघरची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आजाऱ्यांच्या भेटी आणि ज्या घरी मृत्यू झाला असेल तेथे पहिल्या दिवशी चूल सांभाळणे, हीदेखील तिचीच कामे असत. पहाटेच्या लोकलने दादरच्या बाजारात मोगरा आणि चाफा पोहोचवून परत आल्यावर ती या कामांना लागत असे.

अंदाजपत्रक २५,००० रुपयांचे धरले आहे. कोणाला आपल्या घरी असे काम करायचे असेल तर उपयोगी पडावे, म्हणून चुकांसकट सर्व नोंदवून ठेवणार आहे.

१ सप्टेंबर

पहिला आठवडा वाया गेला, आणि तो माझ्या चुकीमुळे गेला. नातेवाईक आणि धर्मग्रामातील परिचित यांना व्हॉट्सॲपवर "आईविषयी आपल्या आठवणी लिहून पाठवा" असा निरोप पाठवला होता. एक्केचाळीस उत्तरे आली. त्यांतल्या बहुतेकांत ती प्रेमळ होती, सेवाभावी होती, सदा हसतमुख होती, एवढेच होते. लिहिणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. प्रश्नच असा होता की त्याला दुसरे उत्तर येणे शक्य नव्हते. ती सगळी उत्तरे एकापुढे एक ठेवून वाचली तेव्हा माझी आई त्यांत कुठेच दिसेना, कोणाचीही आई दिसत होती.

काल प्रश्न बदलले. "ती तुमच्या घरी शेवटची कशासाठी आली होती?", "येताना हातात काय होते?", "ती कोणत्या गोष्टीवरून रागावली होती?" असे तीनच प्रश्न आता प्रत्यक्ष भेटून किंवा फोनवर विचारतो आहे. आज दुपारी एका शेजारणीने सांगितले की तिच्या बाळंतपणात आई रोज संध्याकाळी आळिवाची खीर घेऊन येत असे आणि डबा घासून परत दिलेला तिला चालत नसे, कारण ओल्या बाळंतिणीने पाण्यात हात घालू नये. एवढ्या एका वाक्यात आई उभी राहिली. असा मजकूर हवा आहे.

८ सप्टेंबर

आज मारियामातेचा जन्मोत्सव, आणि आमच्या समजुतीप्रमाणे आईचाही वाढदिवस. तिची जन्मतारीख ८ सप्टेंबर १९४६ अशीच आम्ही आयुष्यभर धरली आणि कबरीवरच्या फरशीवरही तीच कोरून घेतली. मिस्सेनंतर चर्चच्या कार्यालयात बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही पाहण्याची परवानगी मिळाली. नोंद लॅटिनमध्ये आहे. तिच्यात जन्म ३ सप्टेंबरचा आणि बाप्तिस्मा ८ सप्टेंबरचा लिहिलेला आहे. त्या काळी बाळाचा बाप्तिस्मा चार-आठ दिवसांतच उरकत असत, म्हणून हे सहज पटण्यासारखे आहे. सणाचा दिवस घरात लक्षात राहिला आणि जन्माचा दिवस मागे पडला.

जुन्या कॅथलिक कुटुंबांसाठी एक सूचना येथे नोंदवतो. बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या समासात पुढे दृढीकरणाची आणि लग्नाची नोंदही केलेली असते. आईच्या नोंदीसमोर १९६७ सालच्या लग्नाची नोंद सापडली, त्यामुळे लग्नाची वही वेगळी शोधावी लागली नाही. नाव मात्र लॅटिन वळणाने लिहिलेले असते, घरातले हाकेचे नाव तिथे सापडत नाही. मी पहिला पाऊण तास चुकीच्या नावाने शोधत होतो. शोधायला जाताना वडिलांचे आणि धर्ममातापित्यांचे नाव जवळ ठेवावे.

स्मरणिकेत दोन्ही तारखा देणार आहोत. फरशीवरची तारीख बदलायची नाही, असे ताईचे मत पडले आणि ते मला मान्य आहे. तो दिवस आईने स्वतः आपला मानला होता.

२१ सप्टेंबर

एक फोटो माझ्या हातून कायमचा गेला आहे.

आई-वडिलांच्या लग्नाचा कृष्णधवल फोटो पडवीच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत होता. इतक्या पावसाळ्यांच्या ओलीने तो काचेला आतून चिकटला होता. स्कॅन करण्यासाठी मी मागची पाटी काढली आणि एका कोपऱ्याला धरून फोटो हळूच ओढला. कागद सुटून हातात आला, परंतु आईचा उजवा खांदा, हातातला फुलांचा गुच्छ आणि वडिलांच्या कोटाची बाही काचेवरच राहिली. चित्राचा पातळ थर कागद सोडून काचेला धरून राहतो, ही गोष्ट मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हती. असा फोटो कधीही ओढू नये. काच बाहेरून स्वच्छ पुसावी, चौकट खिडकीशेजारी तिरप्या उजेडात ठेवावी आणि काचेतूनच त्याचा फोटो घ्यावा. आपले प्रतिबिंब पडू नये म्हणून कॅमेऱ्याच्या मागे काळे कापड धरावे. पुढचे दोन फोटो मी असेच घेतले आणि ते उत्तम आले. लग्नाच्या फोटोची दुसरी प्रत मोठ्या मामांच्या घरी मिळेल अशी आशा आहे.

चिकट पानांच्या अल्बममधील फोटो मात्र शिवणाचा रेशमी दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा सरकवून निघाले. एकूण १३४ फोटो सहाशे डीपीआयवर स्कॅन केले. स्कॅनर मित्राचा असल्यामुळे खर्च नाही. वेळ मात्र चार रविवारांचा लागला.

२ ऑक्टोबर

वडिलांनी १९८९च्या सुमारास घरच्या रोझरीच्या तीन कॅसेट भरून ठेवल्या होत्या. टेपरेकॉर्डर चालू होईना, आतला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता. स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याने नवा पट्टा ३५० रुपयांत बसवून दिला. मी उतावीळपणे पहिलीच कॅसेट थेट लावली. तिच्यावर बुरशी होती, फीत अडकली आणि साधारण चाळीस सेकंदांचा भाग चुरगळला. नंतरच्या दोन कॅसेट आधी हाताने, पेन्सिल घालून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सैल फिरवून घेतल्या, बुरशी कोरड्या मऊ कापडाने टिपली आणि मगच लावल्या. हेडफोनच्या खोबणीतून संगणकाला वायर जोडून ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ध्वनिमुद्रण केले. एक बाजू तीस मिनिटांची असेल तर तीस मिनिटे बसावेच लागते, त्याला जवळची वाट नाही.

दुसऱ्या कॅसेटमध्ये, रोझरीच्या चौथ्या दशकात, म्हणजे दहा प्रार्थनांच्या चौथ्या गटात, आईचा आवाज एकाच संथ लयीत चाललेला आहे आणि मध्येच, स्वर तसूभरही न बदलता, "दार लोटून घे, कोंबडी आत आली," असे म्हणून ती पुन्हा "पवित्र मारिये" वर येते. मी तो भाग किती वेळा ऐकला याची नोंद ठेवलेली नाही.

१९ ऑक्टोबर

रोझरीचा महिना असल्याने संध्याकाळी सगळी घरे उघडी असतात, आणि आईची रोझरीतली जागा ज्यांनी चालवली त्या बायकांशी बोलणे सोपे जाते. नऊ मुलाखती झाल्या. त्यांपैकी सर्वांत मोठी, एका ऐंशी वर्षांच्या आजींची, पन्नास मिनिटांची, पुरती गेली. मध्ये फोन आला आणि ध्वनिमुद्रण तिथेच थांबले, हे मला घरी आल्यावर कळले. यापुढे फोन एअरप्लेन मोडवर टाकूनच ध्वनिमुद्रण करायचे आणि भावाचा जुना फोन शेजारी दुसरे ध्वनिमुद्रण म्हणून ठेवायचा. आजींकडे पुन्हा जाऊन तेच विचारले तेव्हा त्यांनी आनंदाने सांगितले, परंतु पहिल्या वेळचा ओघ आला नाही.

आमच्याकडची जुनी माणसे सामवेदी बोलीत बोलतात. मुलाखती उतरवताना सुरुवातीला मी सर्व प्रमाण मराठीत आणत गेलो आणि वाक्ये कोरडी पडत गेली. आता निवेदन प्रमाण मराठीत आणि बोलणाऱ्याचे शब्द बोलीत, अशी पद्धत ठेवली आहे. एका तासाचे बोलणे उतरवायला मला सहा तास लागतात.

एक प्रसंग वगळत आहे. एका घरातला नवरा पिऊन मारहाण करीत असे आणि आई कितीतरी रात्री त्या घराच्या ओट्यावर जपमाळ घेऊन नुसती बसून राहिली होती. त्या बाईने हे मला मोकळेपणाने सांगितले, पण छापू नये असे मुलांना वाटते. येथेही ओळख पटेल असे काही लिहीत नाही. अशी गोष्ट छापण्याआधी केवळ सांगणाऱ्याची नव्हे, तर त्या घरातील सर्वांची संमती घ्यावी.

२ नोव्हेंबर

मृतात्म्यांचा दिवस. सकाळी दफनभूमीत कबर धुतली, झेंडूच्या माळा घातल्या, मेणबत्त्या लावल्या. दिवाळीमुळे छपाईची दुकाने बंद आहेत. दर विचारण्याचे काम आठवडाभर पुढे गेले. हे कॅलेंडर पाहून आधीच लक्षात यायला हवे होते.

१० नोव्हेंबर

या प्रकल्पातील मला सर्वांत मोलाचे वाटलेले काम काल झाले. आईबरोबर तीस वर्षे सॅक्रिस्टीत काम केलेल्या मावशींनी (त्या नात्याने मावशी नाहीत, पण आम्ही लहानपणापासून तसेच म्हणतो) वेदीवरची वस्त्रे धुण्याची आईची पद्धत मला हाताने करून दाखवली. मी पन्नाशी ओलांडली आहे. ही वस्त्रे दर शनिवारी आमच्याच अंगणात वाळत असत, आणि मी त्यांना एकदाही हात लावलेला नव्हता.

मिस्सेत चषक पुसतात ते लांबट वस्त्र, प्युरिफिकेटर, आणि चषक व ताटली ज्याच्यावर ठेवतात ते चौकोनी वस्त्र, कॉर्पोरल, ही दोन्ही आधी साध्या पाण्यात भिजवायची. ते पहिले पाणी गटारात किंवा मोरीत जाऊ द्यायचे नाही, कारण त्यात ख्रिस्तप्रसादाचा कण असू शकतो. ते मातीलाच द्यायचे. आई ते अनंताच्या झाडाच्या बुंध्याशी ओतत असे. लहानपणी त्या झाडाखाली चप्पल घालून गेलो तर ती ओरडायची, आणि आम्हाला वाटायचे की तिला फुलांची काळजी आहे. कारण मला काल कळले.

त्यानंतर सौम्य साबण वापरायचा. द्राक्षारसाचा डाग असेल तर त्याच दिवशी धुवायचे, डाग जुना होऊ द्यायचा नाही. खळ फक्त कॉर्पोरलला आणि तीही पातळ द्यायची. प्युरिफिकेटरला कधीही द्यायची नाही, नाहीतर ते ओल टिपत नाही. किंचित दमट असतानाच इस्त्री करायची. प्युरिफिकेटरची लांबीत तीन पदरी घडी घालायची. कॉर्पोरलच्या घड्या दोन्ही बाजूंनी तीन-तीन पदरी, सर्व आतल्या बाजूला घालायच्या, म्हणजे उघडल्यावर नऊ चौकोन दिसतात आणि एखादा कण राहिलाच तर तो आतच राहतो.

मावशींचे हात थरथरतात, तरी घडीची कड सरळ येत होती. माझी पहिली चार कॉर्पोरल त्यांनी काही न बोलता उघडून परत माझ्यापुढे ठेवली. पाचवे त्यांनी बाजूला ठेवून घेतले. हे सर्व आठ छायाचित्रांसह स्मरणिकेत दोन पाने घेईल. ताईला आधी वाटले की स्मरणिकेत कपडे धुण्याची कृती कशाला. मजकूर वाचल्यावर ती काही वेळ बोलली नाही आणि मग म्हणाली की ही दोन पाने मध्यावर घे.

२४ नोव्हेंबर

आईची सख्खी धाकटी बहीण संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी गोव्याला गेली आहे, म्हणून तिची मुलाखत डिसेंबरात गेली. दर दहा वर्षांनी होणारे हे दर्शन तीन दिवसांपूर्वी, २१ तारखेला, सुरू झाले आहे. त्यावरूनच एका जुन्या फोटोचा प्रश्न सुटला. जुन्या गोव्यातील रांगेत आई कडेवर मूल घेऊन उभी आहे. फोटो १९७९चा आणि कडेवरचे मूल धाकटा भाऊ, असे ताई ठामपणे सांगत होती. भाऊ १९७८चा आहे, आणि त्या दोन-तीन वर्षांत दर्शन झालेलेच नाही. आधीचे दर्शन १९७४च्या नोव्हेंबरात सुरू झाले, तेव्हा मी वर्षाचा होतो. म्हणजे कडेवर मी आहे. फोटोंना तारखा लावताना घरातील आठवणीपेक्षा सण, यात्रा आणि मुलांची वये यांचा मेळ अधिक भरवशाचा ठरतो.

१५ डिसेंबर

गोव्याला गेलेली सख्खी मावशी परतली. तिने १९६४चा डिसेंबर सांगितला. पोप पॉल सहावे मुंबईच्या युखरिस्तिक काँग्रेसला, म्हणजे कॅथलिकांच्या आंतरराष्ट्रीय मेळाव्याला, आले तेव्हा अठरा वर्षांची आई आणि ती, दोघी आजोबांबरोबर गाडीने मुंबईला गेल्या होत्या. गर्दीत पोपमहाशय दिसले ते पांढऱ्या ठिपक्याएवढे. आईच्या लक्षात मात्र वेदीवरचे कापड राहिले. परतीच्या गाडीत ती त्याच्या कडेच्या विणकामाबद्दलच बोलत होती. मावशीने हे न विचारता सांगितले.

याच आठवड्यात ताईने आपले पान लिहून दिले. १९८५च्या मार्चमध्ये तिची दहावीची परीक्षा होती. उपवासकाळ असल्यामुळे आई संध्याकाळभर चर्चमध्ये असे, आणि भूमितीच्या पेपरच्या आदल्या रात्री ताईला ताप असताना ती नऊ वाजता घरी आली. "त्या रात्रीचा राग माझ्या मनात बरीच वर्षे होता," असे ताईने लिहिले आहे. पुढे लिहिले आहे की आईने त्या रात्री एका शब्दाने स्वतःचे समर्थन केले नाही, पहाटेपर्यंत कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसली आणि पहाटे फुले घेऊन न जाता ताईला परीक्षाकेंद्रावर सोडायला गेली. त्या दिवसाचा मोगरा विकला गेला नाही. भावाला हे पान नको होते. मी ते ठेवावे असे म्हणालो, कारण आईने चर्चला दिलेला वेळ कुठून तरी आलेला होता आणि तो कुठून आला हे ज्यांनी सोसले त्यांनीच लिहावे. फोनवर दोन दिवस बोलणी झाली. पान राहिले, एक शब्दही न बदलता.

५ जानेवारी २०२५

अकरा दिवस अक्षरांपायी गेले. आमचा मजकूर युनिकोडमध्ये होता. ज्या दुकानात काम दिले तेथील जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तो चिकटवताच चौकोन उमटले, म्हणून त्यांनी २,४०० रुपये घेऊन सर्व मजकूर त्यांच्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप केला. तपासायला आलेल्या प्रतीत "दुसऱ्या"चे "दुसर्या" झाले होते, ऱ्हस्व-दीर्घ गोंधळले होते, आणि बोलीतील वाक्ये टाइप करणाऱ्याने चुकीची समजून सरळ "सुधारली" होती. पहिल्या वीस पानांत मला १६३ चुका सापडल्या. दुकानदाराने शेवटी ठरावीक मुदतीत काम होणार नाही असे सांगितले.

यावर उपाय सोपा होता आणि तो पहिल्या दिवशीच करायला हवा होता. लिबरऑफिसमध्ये, मुक्ता हा मोफत मिळणारा फॉन्ट वापरून, ए-५ आकारात पाने मीच लावली आणि फॉन्ट आत समाविष्ट केलेली पीडीएफ नव्या छापखान्याला दिली. छापणाऱ्याने मजकुराला हातच लावायचा नाही, फक्त छापायचे.

१९ जानेवारी

नमुना प्रतीत दोन दोष निघाले. मधोमध पिन मारलेल्या ७२ पानी पुस्तिकेत आतली पाने घडीच्या जाडीमुळे बाहेर सरकतात आणि कड कापताना त्यांचा समास जातो. माझे पृष्ठक्रमांक बाहेरच्या कोपऱ्यात होते, ते मधल्या दहा पानांवर अर्धे कापले गेले. ते आता तळाशी मध्यभागी घेतले. दुसरे म्हणजे मॅपलिथो, म्हणजे बिनचकाकीचा, कागद शाई पितो आणि जुने फोटो काळवंडतात. आईचा चेहराच दिसेना. एकाच फोटोच्या चार उजळ छटा एका पानावर छापून घेतल्या आणि तिसरी निवडली. दोन नमुन्यांचे १,८०० रुपये लागले.

मामांकडे लग्नाच्या फोटोची प्रत मिळाली. ती डागाळलेली आहे, पण फुलांचा गुच्छ पूर्ण आहे.

२ फेब्रुवारी

३०० प्रती घरी आल्या, प्रत्येकी ७८ रुपये, म्हणजे २३,४०० रुपये. आज चर्चमध्ये मेणबत्त्यांचा आशीर्वाद होता. हा आईचा आवडता सण. एक प्रत पुडक्यातून काढून मी तिच्या कबरीवर थोडा वेळ ठेवली आणि परत घरी आणली.

एकूण खर्च असा झाला: छपाई २३,४००, वाया गेलेले टाइपिंग २,४००, नमुने १,८००, टेपरेकॉर्डर ३५०, ध्वनिमुद्रणे आणि स्कॅन ठेवण्यासाठी दोन पेन ड्राइव्ह ९००, प्रवास व इतर २,१५०. मिळून ३१,००० रुपये.

९ फेब्रुवारी

वर्षाची मिस्सा झाली. दारात ताई आणि मी उभे राहून २६२ प्रती दिल्या. आळिवाच्या खिरीची गोष्ट सांगणारी शेजारीण आपल्या लेकीला घेऊन आली होती. या लेकीच्याच जन्माच्या वेळी तो डबा येत असे. लेकीने ते पान तिथेच, चर्चच्या पायरीवर बसून वाचले.

१५ फेब्रुवारी

सॅक्रिस्टीत आता काम पाहणाऱ्या तरुण मुलींनी पान ३६ आणि ३७ची झेरॉक्स काढून कपाटाच्या दाराच्या आत लावली आहे. मावशींनी ती पाहिली आणि मला बोलावून घेतले. कॉर्पोरलच्या तिसऱ्या आणि चौथ्या घडीची छायाचित्रे माझ्याकडून अदलाबदल होऊन छापली गेली आहेत. उरलेल्या ३८ प्रतींसाठी दुरुस्तीची चिठ्ठी छापून घेतली आहे. कपाटावरची मावशींनी स्वतः पेनाने दुरुस्त केली आणि पुढच्या शनिवारी दुपारी तीनला मला वस्त्रे धुवायला यायला सांगितले आहे.